मामंजींचा डावा गाल

आमच्या घरात सगळ्यात जास्त मान कुणाला असेल, तर तो माझ्या सासऱ्यांच्या डाव्या गालाला. त्याच्या खालोखाल कापडाला, मग शिलाई मशीनला, मग शिडीला. माणसांचा नंबर त्यानंतर, आणि त्यातही सुनेचा शेवटी. मी हे रागाने सांगते आहे, तेव्हा कुणी समजूत घालायला येऊ नये.

आमचा धंदा कापडी शेडचा. लोखंडी कमानींचा सांगाडा उभा करायचा, त्यावर लेप दिलेलं जाड कापड ताणायचं, खाली पट्ट्यांनी आवळायचं, झालं छप्पर. त्याखाली कुणी लाकूड ठेवतं, कुणी यंत्रं, कुणी गाड्या. भिंती बांधायचं ज्याच्या जिवावर येतं त्याला हे छप्पर फार आवडतं, आणि एकदा बसवलं की तो त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. उन्हाळ्यात आम्ही सांगतो, शिवण उसवतेय, पट्टे सैल झालेत. तो म्हणतो, बघू. मग थंडी पडते, बर्फ साचतो, आणि एक दिवस फोन येतो, "तुम्ही बसवलेलं कापड फाटलं." जसं काही आम्हीच जाऊन दातांनी फाडून आलो.

हिवाळ्यात या कापडाची निगा काही अवघड नाही. साचलेला बर्फ आतल्या बाजूने, झाडूला फडकं गुंडाळून, हलक्या हाताने ढकलून पाडायचा. आठवड्यातून एकदा पट्टे बघायचे. बारीक चीर दिसली की लगेच ठिगळ लावायचं, हातभर व्हायची वाट बघायची नाही. एवढं सांगूनही एका गिऱ्हाइकाने बाहेरून फावडं चालवलं, ते कापडातून निघून त्याच्याच गाडीच्या टपावर बसलं. दुसऱ्याने शेडमध्ये शेकोटी पेटवली आणि छप्पर काळं का पडलं म्हणून आम्हालाच जाब विचारला. मामंजींनी त्याला तोंडावर सांगितलं, "तुम्हाला छप्पर नकोय. तुम्ही छत्री घ्या." अशा वेळी मला मामंजी आवडतात. वर्षातून दोनदा तरी आवडतात.

बाकीचं वर्ष त्यांचं आणि माझं जमत नाही, आणि त्याला कारण आमची पुढची खोली. थंडीत कडक झालेलं नवं कापड तसंच उलगडलं तर घडीवर लेप तडकतो. म्हणून बसवायच्या आधी ते दोन दिवस उबेत ठेवावं लागतं. दुसरे लोक त्यासाठी गोदामात हीटर लावतात. आमच्याकडे हीटर एकच, तो पुढच्या खोलीत. माझं लग्न झालं त्या पहिल्या हिवाळ्यात ती खोली आम्हा नवराबायकोला दिली होती. आठवडा झाला नसेल, चार माणसं एक गठ्ठा उचलून आत आली आणि त्यांनी तो आमच्या पलंगावर ठेवला. "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे," मामंजी म्हणाले. हिवाळ्यात आठ-दहा कापडं बदलावी लागतात. प्रत्येकाचे दोन दिवस. कापड उबेत आणि आम्ही चौघं स्वयंपाकघरात, थंडगार फरशीवर गाद्या टाकून.

सासूबाईंना दर थंडीत खोकला होतो. एकदा त्या म्हणाल्या, "मला त्या खोलीचा एक कोपरा द्या. मी कापडाला हातसुद्धा लावणार नाही." मामंजींनी जरासा विचार केला. खरोखर केला, मी बघत होते. मग म्हणाले, "माणसाच्या श्वासाने खोली दमट होते. शिवणीला चालत नाही." सासूबाईंनी पुन्हा विषय काढला नाही. मी मात्र तो मनात जपून ठेवला.

आता गालाचं सांगते. कमानींवर कापड चढवायचं म्हणजे त्याच्या कडेला दोर बांधून ते दोर पलीकडे टाकायचे आणि पलीकडून सगळ्यांनी शिट्टीसरशी ओढायचं. कापड सरकत वर चढतं. माथ्यावर एक माणूस फळीवर बसून ते कुठे अडकलं तर सोडवतो. तो माणूस म्हणजे माझा नवरा. कापड अर्ध्यावर असताना खालून वारा शिरला तर ते फुगतं आणि दोर धरणाऱ्यांना फरफटत नेतं. माथ्यावरच्याला तर पकडायलाही काही उरत नाही. म्हणून वारा नसताना ओढायचं, आणि वारा आहे की नाही हे ठरवायचं मामंजींच्या डाव्या गालाने.

उजाडायच्या सुमाराला ते मोकळ्या जागेत उभे राहतात. मफलर काढतात, डावा गाल पुढे करतात, डोळे मिटतात आणि मनात शंभर आकडे मोजतात. तोवर कुणी हलायचं नाही, खोकायचं नाही. शंभर झाले की दोनच शब्दांपैकी एक शब्द. गालाला काही लागलं असेल तर "गुंडाळा." काही लागलं नसेल तर "ओढा." उजवा गाल का नाही, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा विचारलं नाही. बाजारात वारा मोजायचं यंत्र मिळतं, मुठीत मावतं. ते आणू का म्हटलं, तर महिनाभर अबोला. नवऱ्यासाठी मी कमरपट्टा आणला, माथ्यावर बसताना कमानीला अडकवायचा. तो आमच्या दाराशी खिळ्याला लटकतोय, अजून पिशवीतून बाहेर आलेला नाही. "गाल असताना पट्टा कशाला?" मामंजी म्हणाले. "लोक म्हणतील, पोराचा बापावर विश्वास नाही." आणि पोराने मान डोलावली. आमचे हे वडिलांसमोर तोंड उघडतात ते फक्त घास घालायला.

चीड याची येते की तो गाल एकतीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता. एकदा जरी चुकला असता, अगदी थोडासा, तरी माझं आयुष्य सोपं झालं असतं.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी मामंजींना नागीण झाली. तोंडावर, डाव्या बाजूला. फोड आले, आग आग झाली, रात्रंदिवस कण्हत बसायचे. तीन आठवडे मी त्यांना मलम लावलं, आणि तेव्हाही ते मला मलम कसं लावावं हे शिकवत होते. फोड सुकले, खपल्या पडल्या, आग थांबली. "बरा झालो," असं त्यांनी जाहीर केलं आणि घरात सगळ्यांनी ते मानलं.

मला आधी काही वाटलं नाही. मग दिसायला लागलं. चहा पिताना तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून ओघळ यायचा आणि हनुवटीवरून टपकेपर्यंत त्यांना पत्ता नसायचा. दाढी करताना कापलं तर कॉलर लाल होईपर्यंत तसेच बसायचे. एकदा कापडाचा धागा गालाला चिकटला, तो सकाळच्या चहापासून दुपारच्या जेवणापर्यंत तिथेच होता. सासूबाई येता-जाता पदराने त्यांच्या तोंडाचा कोपरा पुसायच्या.

खात्री पटली ती कारखान्यात. ठिगळ चिकटवायला आम्ही गरम हवेची बंदूक वापरतो. तिचा झोत हातावर क्षणभर आला तरी माणूस उडतो. मी ठिगळ लावत होते आणि मामंजी उजवीकडून डावीकडे येत सांगत होते की माझं ठिगळ तिरकं आहे. ते सरळ होतं. मी वैतागून वळले आणि हातातली बंदूकही माझ्याबरोबर वळली. झोत थेट त्यांच्या डाव्या गालावर. ते बोलतच राहिले. "कोपरे गोल काप, टोकदार कोपरा आधी सुटतो." गाल लाल होत होता आणि हे कोपऱ्यांवर बोलत होते. मी बंदूक बंद केली.

"मामंजी, गाल भाजला तुमचा."

त्यांनी बोट लावून पाहिलं. मग त्या बोटाकडे बघत राहिले. "थंडीने लाल झालाय," ते म्हणाले आणि पाठ फिरवून निघून गेले. तेव्हा मला कळलं की त्यांनाही कळलेलं आहे.

मी नवऱ्याला सांगितलं. "अहो, त्यांच्या गालात जीव नाही. आणि त्या गालाच्या भरवशावर तुम्ही माथ्यावर चढता." नवरा म्हणाला, "बाबांना कळतं. तू मध्ये पडू नकोस." सासूबाईंना सांगितलं. त्या भांडी पुसत होत्या, पुसतच राहिल्या. "मला माहीत आहे गं," त्या म्हणाल्या. "पण त्यांच्याजवळ दुसरं आहे तरी काय?" मी म्हटलं, "मुलगा आहे." त्यावर त्यांचा हात थांबला.

थंडी ऐन भरात असताना लाकडाच्या वखारीतलं मोठं कापड फाटलं. तिथला मालक म्हणजे न सुधारणारा माणूस. दोन वर्षं आम्ही त्याला सांगत होतो की माथ्याची शिवण गेलीय, आणि दोन वर्षं तो वर बघून म्हणत होता, "अजून आहे की." आता बर्फाच्या ओझ्याने ती उसवली, खाली सुकायला ठेवलेल्या फळ्यांवर पाणी गळायला लागलं, तेव्हा याला आजच्या आज छप्पर हवं झालं. नवं कापड पुढच्या खोलीत गेलं. आम्ही फरशीवर गेलो. सासूबाई दोन रात्री खोकल्या.

तिसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही वखारीत पोचलो. जुनं कापड आदल्या दिवशीच उतरवून बाजूला टाकलं होतं. दोर टाकले. मी, चार गडी, प्रत्येकाच्या हातात एकेक दोर. नवरा शिडीपाशी. मामंजी मधोमध उभे राहिले, मफलर काढला, डोळे मिटले.

माझ्या कपाळावरची बट हलली. थांबली. पुन्हा हलली. जमिनीवर लाकडाचा भुसा पसरला होता. तो फळ्यांच्या ढिगामागून जरासा सरकत यायचा, कमानींखाली गोल फिरायचा आणि बसायचा. असा थांबून थांबून येणारा वारा सगळ्यात वाईट, हे मला मामंजींनीच शिकवलं होतं. मी बाकीच्यांकडे पाहिलं. एकही जण भुशाकडे बघत नव्हता. सगळे गालाकडे बघत होते.

"ओढा," मामंजी म्हणाले.

गड्यांनी दोर आवळले. नवरा शिडी चढायला लागला, दुसरी पायरी, तिसरी. मी दोर खाली टाकला.

"मी ओढणार नाही."

सगळे वळले. मी चालत मामंजींसमोर जाऊन उभी राहिले. सोळा वर्षं मनात घोटून ठेवलेलं सगळं जिभेवर आलं होतं. पलंगावरचा गठ्ठा, फरशी, सासूबाईंचा खोकला, दमट श्वास. चार गडी आणि वखारीचा मालक ऐकायला उभे होते. एवढे श्रोते मला पुन्हा मिळाले नसते. आणि मामंजी माझ्याकडे बघतही नव्हते. ते माझ्या कपाळावरच्या बटेकडे बघत होते. ती हलत होती. त्यांची नजर तिच्याबरोबर हलत होती, आणि चेहरा असा झाला होता की मला माझी सगळी वाक्यं लाजिरवाणी वाटली. त्याचाही मला राग आला.

"उजवा गाल करा," मी हळूच म्हटलं.

त्यांनी तोंड वळवलं. शंभर सोडा, दहासुद्धा मोजले नसतील.

"गुंडाळा," ते म्हणाले.

नवरा पाचव्या पायरीवरून उतरला. तो जमिनीवर पाय टेकतोय तोवर बाजूला पडलेल्या जुन्या कापडाचं टोक उचललं गेलं, फुगलं आणि फळ्यांच्या ढिगावर जाऊन आदळलं. वरच्या दोन फळ्या खाली आल्या. मग पुन्हा सगळं शांत.

मालक धावत आला. "काय झालं? का थांबलात?"

मामंजींनी मफलर गुंडाळला. "सुनेने दोर सोडला," ते म्हणाले. "बायकांच्या हाताला थंडीत पकड राहत नाही."

हे त्यांनी माझ्यादेखत सांगितलं. मालकाने माझ्या हातांकडे कीव केल्यासारखं पाहिलं. गडी दोर गुंडाळत गालातल्या गालात हसले. आणि नवरा, ज्याच्यासाठी मी हे केलं, तो जवळ येऊन म्हणाला, "अगं, नीट धरायचा ना." मी माझा दोर गोळा करायला लागले. बोलले असते तर तिथेच बसून रडले असते, आणि थंडीत रडून नाक गळतं.

कापड परत घरी आलं, परत पुढच्या खोलीत गेलं. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गाद्या घालत होते तेव्हा मामंजी दारात येऊन उभे राहिले. "परवा माझ्या डावीकडे उभी राहा," ते म्हणाले. "शंभर मोज. वारा नसेल तर माझी बाही एकदा ओढ. असेल तर दोनदा." मी गादीवरची चादर झटकत राहिले. मग त्यांनी वाकून माझी गादी उचलली, स्वतःच्या हाताने, आणि पुढच्या खोलीत कापडाच्या गठ्ठ्याशेजारी नेऊन घातली. "गालाला गारठा बसता कामा नये," ते म्हणाले.

म्हणजे मी चढत चढत कापडाच्या बरोबरीला आले होते. श्वासाने दमट होण्याचं आता काही नव्हतं. मी दारातच उभी राहिले. मागे सासूबाई खोकल्या. मामंजी तिकडे बघायच्या आत त्यांनी आपली उशी काखेत मारली, माझ्या शेजारून आत शिरल्या आणि सरळ गठ्ठ्यावरच आडव्या झाल्या. "इथे किती ऊब आहे गं," त्या म्हणाल्या. मामंजींनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी ते मिटलं. त्या रात्री सासूबाई खोकल्या नाहीत. कापडालाही काही झालं नाही.

दोन दिवसांनी आम्ही पुन्हा वखारीत होतो. मी मामंजींच्या डावीकडे उभी राहिले. माझ्या दोराला मालकाने आपला एक माणूस दिला होता, पकड असलेला. मामंजींनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. मी भुशाकडे बघत शंभर मोजले, मग भरवसा वाटेना म्हणून आणखी पन्नास. गाल गारठून बधिर होईल की काय अशी भीती वाटत होती, आणि तिकडे शिडीशी माझा नवरा जांभई देत उभा होता. काहीच लागलं नाही. तरी बाही ओढायला हात उचलेना. एकतीस वर्षं हा माणूस हे कसं करत आला, असं त्या वेळी माझ्या मनात आलं. मी बाही एकदा ओढली.

"ओढा."

चौदा शिट्ट्यांत कापड चढलं. कुठे अडकलं नाही. नवऱ्याने माथ्यावरून हात हलवला. मग आम्ही पट्टे आवळले. मामंजींनी सगळीकडून फिरून कापडावर टिचक्या मारल्या आणि मालकाला सांगितलं की थंडीत कापड असं ताठ वाटतं, त्यावर जाऊ नका, ऊन पडलं की सैल होणार, पहिल्या उन्हाला आम्ही परत आवळायला येऊ. मालक म्हणाला, "आता कशाला? छान बसलंय की." हा माणूस मरेपर्यंत असाच राहणार. जाताना तो मामंजींना म्हणाला, "तुमचा गाल म्हणजे कमाल आहे." मामंजी माझ्याकडे न बघता पुढे गेले.

संध्याकाळी आम्ही चौघं जेवायला बसलो. नवरा खुशीत होता. "बाबांचा गाल म्हणजे गाल," तो मला म्हणाला. "बत्तिसावं वर्ष लागलं. एकदा चूक नाही. नाहीतर तू, साधा दोर धरवला नाही."

मी घास गिळला. सासूबाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"गाल खराच," त्या मुलाला म्हणाल्या. "पण तो आता तुझ्या बायकोच्या तोंडावर आहे. यांच्या गालाला नागिणीपासून काही कळत नाही."

नवरा आधी हसला. मग त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मी खाली बघत होते. मामंजी तोंडाचा डावा कोपरा पुसत होते, तिथे काही नसताना.

"मग परवा?" नवऱ्याने विचारलं. "परवा तुम्ही ओढा म्हणालात, तेव्हा?"

"परवा मला काही लागलं नाही," मामंजी म्हणाले. आवाज नेहमीसारखा नव्हता. "काही लागलं नाही की ओढा म्हणायचं. मला तेवढंच येतं."

"मी वर चढत होतो, बाबा."

"हो," मामंजी म्हणाले. "दिसत होतं."

नवऱ्याने ताट बाजूला सारलं. मग उठला, हात धुतले, दाराशी गेला. खिळ्यावरची पिशवी काढून त्याने कमरपट्टा बाहेर काढला. वर्षानुवर्षं घडीत राहून तो कडक झाला होता. त्याने तो कमरेला लावून पाहिला, सैल झाला, काढला, पुन्हा लावला. मामंजी ते बघत होते.